गाणे कोणाकोणाच्या कानावर पडते

गेल्या लग्नसराईत अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी डीजे बंद करावा की नाही, यावर मारुतीच्या पारावर दोन तास चर्चा झाली. विषय आवाजाचा होता, पण अर्ध्या तासातच तो गाण्यांवर घसरला. ज्यांच्या घराच्या काचा थरथरल्या होत्या, किंवा ज्यांचे वडील हृदयविकाराच्या झटक्यातून नुकतेच उठून घरी आले होते, त्यांची तक्रार खरी होती आणि तिच्यावर कोणापाशी उत्तर नव्हते. इतरांचा राग मात्र आवाजावर नव्हता. ‘ही काय गाणी झाली? गाणी होती ती आमच्या काळी!’ हे वाक्य त्या दोन तासांत मी आठ-दहा वेळा तरी ऐकले आणि, खरे सांगायचे तर, एकदा स्वतःही म्हटले. घरी परतताना मनात आले की पारावर ऐंशीला टेकलेले आबा होते, पन्नाशी ओलांडलेले आम्ही होतो आणि चाळिशीतले दोघे-तिघेही होते. आबांचा ‘आमचा काळ’ ट्रान्झिस्टरचा, माझा कॅसेटचा आणि त्या दोघा-तिघांचा मेमरी कार्डाचा. आबांनी माझ्या तरुणपणीची गाणी कधी सहन केली नव्हती आणि मी चाळिशीवाल्यांची केली नव्हती. तरीही त्या संध्याकाळी आमचे एकमत झाले होते. वेगवेगळ्या काळांचा अभिमान बाळगणारी माणसे जेव्हा एकाच गोष्टीला नावे ठेवतात, तेव्हा त्या गोष्टीइतकेच नावे ठेवणाऱ्यांच्या वयाकडेही पाहावे लागते.

तसे पाहणाऱ्यांनी पाहिलेले आहे. मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकेतील दोन संशोधकांनी १९८९ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. १६ ते ८६ वर्षे वयाच्या १०८ माणसांना त्यांनी १९३२ ते १९८६ या काळातील २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि कोणते किती आवडले ते विचारले. स्वतःचे वय साधारण साडेतेवीस असताना जे गाणे गाजत होते त्याला माणसे सर्वांत जास्त पसंती देतात, असे त्यांना आढळले. माझी साडेतेवीस वर्षे १९९१ साली भरली. त्या सुमाराच्या चित्रपटगीतांना आमचे वडील ‘नाकातली रडगाणी’ म्हणत, आणि आज अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांतले एखादे गाणे एसटीत कानावर पडले की माझी उतरण्याची जागा मागे राहते. त्यांतली निम्मी गाणी सुमार होती हे मला कळते. त्याने काही फरक पडत नाही. पारावरचा आमचा निकाल बराचसा आमच्या विसाव्या-पंचविसाव्या वर्षांच्या बाजूने दिलेला निकाल होता.

परंतु एवढ्यावर विषय संपत नाही. तरुणपणी ऐकलेले आवडते, हे मान्य केले तरी तरुणपणी अमुकच गाणे कानावर का आले आणि ते आणखी कोणाकोणाच्या कानावर गेले, हा प्रश्न उरतो. माझ्या मते पिढीला आकार देणारी गोष्ट तिथे आहे. पिढी आपले गाणे निवडते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ऐकण्याची सोय आधी येते, ती कोणाच्या हातात आहे यावर गाणे ठरते, आणि ते गाणे ज्यांनी एका वेळी, एका ठिकाणी ऐकले त्यांची मिळून पिढी होते.

खानदेशापुरते बोलायचे तर ‘पिढीचे गाणे’ ही कल्पनाच इथे फार जुनी नाही. माझी आजी पहाटे घरोटावर बसून (जात्याला आमच्याकडे घरोट म्हणतात) जे गाई, ते तिच्या तरुणपणाचे गाणे नव्हते, दळणाचे गाणे होते. तिने ते सासूकडून उचलले होते, सासूने तिच्या सासूकडून. त्यात आजी आपल्या भावाचे नाव घाली, माहेरच्या गावाचे नाव घाली, एखादी ओळ पदरची जोडी आणि गाणे पुढे जाई. आखाजीला (अक्षय तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला टांगलेल्या झोक्यावर जे म्हणत ते वैशाखाचे गाणे होते. (पुरुष त्या दिवशी पत्ते कुटत बसत, त्यांचा या गाण्यांशी संबंध नसे.) कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या रोटांचे, म्हणजे तिच्या सणाचे, गाणे श्रावणाचे होते. यांतले कोणते गाणे कोणत्या सालचे, असे कोणी विचारले असते तर त्याला वेड्यात काढले असते. गाण्याला ऋतू होता, काम होते, विधी होता, पण साल नव्हते, आणि साल नसल्यामुळे त्याला वयही नव्हते. आजी, आई आणि नात एकाच झोक्याभोवती एकच गाणे म्हणत. भांडणे त्या घरांतही भरपूर होती, सासू-सुनांची तर विचारूच नका. ‘तुमची गाणी’ आणि ‘आमची गाणी’ एवढे एक भांडण मात्र तिथे नव्हते.

ही जुनी गाणी सिनेमाने मारली, असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. घरोटावरची ओवी पिठाच्या गिरणीने थांबवली. गावात डिझेलच्या इंजिनावर चालणारी गिरणी आली, तिच्या धुराड्याचा टुकटुक आवाज दोन शेतांपलीकडे ऐकू येऊ लागला आणि बायकांची पहाट मोकळी झाली. ते उत्तमच झाले. आजीच्या तळहातांवरचे घट्टे मी हात लावून पाहिलेले आहेत, आणि ओवी जिवंत राहावी म्हणून कोणी पुन्हा दळायला बसावे, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण काम गेले तेव्हा कामाचे गाणेही गेले, आणि ते जात असताना कोणी सभा घेतली नाही. आज डीजेविरुद्ध पारावर जमणारे आम्ही पुरुष तेव्हा कुठे होतो, हा प्रश्न मला त्या रात्री पडला. उत्तर सोपे आहे. ते गाणे बायकांचे होते, घराच्या आत होते, आणि त्याने आमच्या काचा हलत नव्हत्या.

त्या घरोटावरचे थोडेफार जे वाचले ते केवळ योगायोगाने. आसोद्याच्या माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतात, चुलीपाशी, घरोटावर त्या जे म्हणत ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवले. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी १९५२ साली छापून आली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. सोपानदेवांसारखा कवी मुलगा पोटी नसलेल्या किती बहिणाबाई खानदेशात होऊन गेल्या असतील, याचा हिशेब कोण लावणार? ज्या १९५२ साली ओवी कागदावर चढली, त्याच १९५२ च्या डिसेंबरात कोलंबोहून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि पुढे लवकरच तिच्यात गाण्याला दर आठवड्याचा क्रमांक मिळू लागला. आता गाणे श्रावणाचे किंवा वैशाखाचे राहिले नाही. ते या बुधवारचे झाले, आणि पुढच्या बुधवारी खाली घसरू लागले.

गीतमालेची जन्मकथा आमच्या पारावरच्या चर्चेला लागू पडते, म्हणून थोडी सांगतो. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. अभिजात संगीताचे ते जाणकार होते आणि चित्रपटगीतांनी देशाची अभिरुची बिघडते असे त्यांना मनापासून वाटे. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. त्याऐवजी लोकांनी रागदारी ऐकावी अशी अपेक्षा होती. लोकांनी रेडिओची सुई फिरवली आणि लघुलहरींवर सिलोन लावले. गीतमाला सादर करणाऱ्या अमीन सयानींचा आवाज घराघरात ओळखीचा झाला तो एका मंत्र्याच्या सद्हेतूमुळे. शेवटी सरकारलाच नमते घ्यावे लागले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. केसकरांनी शास्त्रीय गायक-वादकांसाठी जे केले ते मोठे आहे आणि ते विसरू नये. मात्र अभिरुचीवरचा हुकूम पाचएक वर्षांपलीकडे टिकला नाही, हेही त्याच माणसाच्या कारकिर्दीत लिहिलेले आहे.

रेडिओने गाण्याला साल दिले, पण घर फोडले नाही, कारण रेडिओ एकच होता. आमच्याकडे चामडी पाकिटातला ट्रान्झिस्टर कोनाड्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर असे. पोस्टात त्याचे लायसन्स भरावे लागे, त्यामुळे तो घरातल्या म्हशीइतकाच हिशेबातला प्राणी होता. कान पिळण्याचा अधिकार फक्त वडिलांना. जळगाव आकाशवाणीवरचे बाजारभाव झाले की ते कधी विविध भारती लावत, कधी ‘आपली आवड’, आणि स्वयंपाकघरातून आईला, ओट्यावरून आजोबांना, अभ्यासाचे सोंग करणाऱ्या आम्हा भावंडांना आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना तेच ऐकावे लागे. ‘लागे’ हा शब्द मी जाणून वापरतो. त्यात निवड नव्हती आणि पुष्कळदा कंटाळा होता. आज मला वडिलांच्या तरुणपणीची शेकडो गाणी पाठ येतात ती मी आवडीने शिकलो म्हणून नाही. मला पळायला जागा नव्हती.

ती जागा कॅसेटने दिली. फिलिप्स कंपनीने कॅसेट १९६३ साली आणली असली तरी आमच्यापर्यंत ती पोहोचली ती ऐंशीच्या दशकात, स्वस्त टेपरेकॉर्डरबरोबर. अमळनेरला स्टँडजवळ एक दुकान होते. तिथे वहीचे पान फाडून त्यावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, साठ मिनिटांची कोरी कॅसेट विकत घ्यायची आणि दोन दिवसांनी भरून न्यायची. कॅसेटचे पैसे वेगळे, भरणावळ वेगळी. एका बाजूला तीस मिनिटे मिळत आणि दुकानदार हिशेबात कच्चा असल्यामुळे सहावे गाणे दुसऱ्या अंतऱ्यात तुटे. त्याच्याकडे एखादे गाणे नसले की न विचारता तो स्वतःच्या आवडीचे भरून टाकी, आणि त्यावरून माझे त्याच्याशी दोनदा कडाक्याचे वाजले. त्याने असे परस्पर भरलेले एक गाणे पुढे माझे फार आवडते झाले, हे मात्र मी त्याला कधी सांगितले नाही. फीत गुंतली की बॉलपेन घालून फिरवायची, सेल मंदावले की उन्हात ठेवायचे. त्या तुटलेल्या सहाव्या गाण्यांपैकी एक आता फोनवर पूर्ण ऐकायला मिळते, तरी ठरल्या जागी ते थांबणार या अपेक्षेने माझा श्वास अडकतो.

त्या वहीच्या पानावर घरातल्या दुसऱ्या कोणाचे गाणे नव्हते. माझ्या पिढीला ‘आमची गाणी’ म्हणता येईल असे काही मिळाले ते या पानावर. शिवाय कॅसेटने आणखी एक काम केले. रेडिओचे दार ज्या गाण्यांना उघडत नव्हते, त्यांना तिने रस्ता दिला. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीते मंदिराच्या भोंग्यावर आली आणि भीमगीते १४ एप्रिलच्या मिरवणुकीतून थेट घरात आली. वामनदादा कर्डकांचे शब्द आमच्या गावात एका वस्तीतील प्रत्येक मुलाला पाठ होते, आणि पाचशे पावलांवर राहणाऱ्या, त्याच शाळेत त्याच बाकावर बसणाऱ्या माझ्या कानावर ते बारावीपर्यंत आले नव्हते. उत्तरेला सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला, माझ्याच वयाची मुले होळीच्या ढोलावर आणि पुढे टिमली या आदिवासी नाचाच्या ठेक्यावर वाढली. म्हणून ‘आमच्या पिढीचे संगीत’ असे कोणी म्हटले की मला विचारावेसे वाटते, तुमच्या पिढीचे की तुमच्या गल्लीचे? कार्ल मॅनहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ सालीच म्हणून ठेवले आहे की एका वर्षी जन्मल्याने पिढी होत नाही आणि एका पिढीच्या पोटातही परस्परांहून निराळे गट असतात. त्याने ते युरोपातील तरुणांकडे पाहून म्हटले. आमच्या गावात ते सिद्ध करायला पाचशे पावले पुरली असती.

पुढचे टप्पे झपाट्याने आले. केबल आली, सीडी आली, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळू लागले आणि यादी लिहिण्याचीही गरज उरली नाही, कारण दुकानदार एका वेळी पाचशे गाणी ओतून देई. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाले, डेटा स्वस्त झाला आणि वर्षा-दोन वर्षांत केळीच्या बागेत पाणी धरणाऱ्या मुलाच्या हातात यूट्यूब आले.

याच सोयीतून जी गोष्ट खानदेशात घडली तिच्याकडे पारावर कोणी पाहायला तयार नव्हते. अहिराणी गाणे लोकप्रिय झाले. गावातल्या मुलांनी लिहिलेले, तालुक्याच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले, शेताच्या बांधावर चित्रित केलेले गाणे कोट्यवधी वेळा पाहिले गेले. झुमकेवाल्या पोरीच्या अहिराणी गाण्यावर पुण्या-मुंबईकडची, अहिराणीचा एक शब्दही न समजणारी मुले रील करू लागली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली, जिच्यात अहिराणीही मोजतात, सुमारे साडेअठरा लाख लोकांची नोंद झाली होती. प्रत्यक्षात बोलणारे याहून पुष्कळ जास्त असावेत, कारण शिकलेला खानदेशी माणूस शिरगणती करणाऱ्यासमोर ‘मराठी’ म्हणतो. मीही तेच म्हटले होते. पाचवीत असताना वर्गात ‘मला’ऐवजी ‘माले’ म्हटले म्हणून मला बाकावर उभे केले गेले आणि वर्ग हसला. ते हसू मी पुण्यात नोकरीला असतानाही बरोबर नेले. वीस वर्षे तिथल्या माणसांसमोर माझ्या तोंडून ‘आहे’ऐवजी ‘शे’ निसटला नाही. आता माझा भाचा त्याच पुण्यात, वसतिगृहातल्या खोलीत, दारे उघडी ठेवून अहिराणी गाणे लावतो. ‘मामा, हाई आपली भाषा शे,’ असे तो मला सांगतो, जणू मला ते माहीत नव्हते. खरे तर तितकेसे माहीत नव्हतेच. माझ्या पिढीचे गाणे हिंदी होते, मुंबईत बनलेले होते आणि आमचे विसावे वर्ष आम्ही उसन्या भाषेत लक्षात ठेवले. ज्याचे विसावे वर्ष स्वतःच्या बोलीतल्या लोकप्रिय गाण्याने लक्षात राहील असा खानदेशी तरुण बहुधा हाच पहिला.

म्हणजे ही गाणी चांगली आहेत, असे मी म्हणतो का? यांतली पुष्कळ मला आवडत नाहीत, आणि माझी हरकत पारावरच्या हरकतीहून वेगळी आहे. ‘उथळ’ हा आरोप मला पोकळ वाटतो, तो १९९१ च्या गाण्यांवरही होता. माझी हरकत अशी की, यांतले शब्द बहुतेक पोरांच्या तोंडचे आहेत. पोरगी झुमके घालते, नाचते, लाजते, फसवते, आणि हे सगळे तिच्याविषयी कोणीतरी दुसरा सांगतो. आखाजीच्या झोक्यावरच्या गाण्यात लेक स्वतः बोलत असे. सासरी काय सोसले, भाऊ घ्यायला का आला नाही, सासू काय म्हणाली, हे ती नाव घेऊन म्हणे आणि सगळा घोळका तिला साथ देई. बोली तीच आहे, प्रदेश तोच आहे, मात्र बोलणारी व्यक्ती बदलली. कापसाच्या भावाविषयी, लग्न न जुळणाऱ्या शेतकरी मुलांविषयीही अधूनमधून एखादे गाणे येते. पण हळदीच्या रात्री ते कोणी लावत नाही, आणि खपते ते हळदीच्या रात्रीचे. हे बदलायचे असेल तर बंदी घालून बदलणार नाही. मुली लिहू लागल्या तर बदलेल.

आता डीजे. याबाबतीत मी माझ्या गावकऱ्यांना अर्धाच दुजोरा देतो. आवाजाचा नियम आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली याची कडक अंमलबजावणी करण्यास सांगितले आहे. त्यासाठी ग्रामसभेच्या वेगळ्या ठरावाची गरज नाही, पोलिसांना फोन करण्याच्या धाडसाची गरज आहे, आणि नेमके तेच पारावर कोणापाशी नव्हते, कारण पुढचे लग्न आपल्याच घरचे असते. ‘ही गाणी नकोत, ती वाजवा’ हे मात्र केसकरांचे काम आहे, आणि त्याचा शेवट आपण पाहिला आहे.

पिढ्यांमध्ये दरी पडते ती डीजेमुळे, हेही मला मान्य नाही. डीजे कितीही कर्कश असला तरी तो सर्वांच्या कानावर पडतो. त्याच्यापुढे मामा नाचतो, नवरदेवाची मावशी नाचते, शेवटी कोणीतरी आबांनाही ओढून आणते. त्याच्यावर रागवायला का होईना, सगळे वयोगट हजर असतात. खरी दरी मला आमच्या घरात, जेवणानंतरच्या शांततेत दिसते. माझ्या कानात माझे गाणे, सुनेच्या कानात तिचे, नातीच्या हातात तिचा पडदा. कोणाचा कोणाला त्रास नाही. कॅरल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ साली अमेरिकेतील विशीतल्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. या मुलांच्या मनात त्यांच्या स्वतःच्या काळातील गाण्यांबरोबर आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही आठवणी जोडलेल्या निघाल्या, आणि त्याहून मागची, आजी-आजोबांच्या वेळची म्हणता येतील अशी १९६० च्या दशकातील गाणीही वर आली. याचे एक सरळ कारण घर हे असावे. मुले वाढत असताना आईवडील जे ऐकत ते मुलांच्या कानावर पडत होते. माझ्या भाच्याला सत्तरच्या दशकातील गाणी येतात ती त्याच्या वडिलांच्या ट्रॅक्टरवर सतत वाजणाऱ्या टेपमुळे, आणि मला वडिलांची येतात ती कोनाड्यातल्या ट्रान्झिस्टरमुळे. नातीला माझी कुठून येणार? माझे गाणे तिच्या कानावर पडण्याचा कोणताच अपघात आता घरात घडत नाही. तिला आईचे गाणे आवडले नाही असे होणार नाही, कारण नावडायलाही आधी ऐकावे लागते.

हा माझा अंदाज आहे आणि तो चुकू शकतो. मुले शोधाशोध करून जुने गाणे काढतात, त्यावर रील करतात, आणि मला विसर पडलेले एखादे गाणे नातीनेच मला पाठवल्याचेही घडले आहे. पण शोधून सापडलेले गाणे आणि टाळता न आल्याने अंगात मुरलेले गाणे यांत फरक आहे. माझ्या वडिलांशी माझे राजकारणावरून, शेतीवरून, लग्नावरून कधी पटले नाही. त्यांच्या शेवटच्या आजारपणात बोलण्यासारखे फारसे काही उरले नव्हते, तेव्हा त्यांनी अर्धी ओळ म्हणायची आणि मी उरलेली, एवढेच आमचे संभाषण होते. ती गाणी मला आवडत होती की नाही, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

पारावरच्या सभेनंतर महिन्याभराने पुतणीची हळद होती. डीजे होताच. दहाला पाच मिनिटे असताना, कोणी फोन न करताच, पोलिसांची गाडी येऊन उभी राहिली आणि मांडवात अचानक इतकी शांतता झाली की जनरेटरचा आवाजही ऐकू येऊ लागला. पोरे हिरमुसून खुर्च्यांवर बसली. तेव्हा मागे, नवरीला हळद लावणाऱ्या बायकांमध्ये बसलेल्या माझ्या थोरल्या आत्याने हळदीचे गाणे सुरू केले. तिच्या वयाच्या दोघींनी सूर धरला. माझ्या वयाच्या बायकांना निम्मे शब्द येत होते, त्याखालच्या नुसत्या बघत होत्या. भाच्याने फोन पुढे धरून ते टिपून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी, लग्न लागायच्या आधी, त्याने ते आत्याला ऐकवले, तर त्याखाली त्याने रात्रीतून ठेका बसवला होता. मला ते पाहवले नाही, म्हणजे ऐकवले नाही, आणि मी त्याला रागावणार होतो. आत्याने फोन कानाला लावून पूर्ण ऐकले, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, ‘‘ढोल जास्ती शे रे भाऊ, मना आवाज दबी गया.’’ भाच्याने तिथेच, मंगलाष्टकांच्या गलबल्यात, ठेका कमी केला. तिने आणखी दोनदा ऐकले. मग तिसऱ्या कडव्यात आपण एक ओळ विसरलो होतो हे तिच्या लक्षात आले आणि ती म्हणाली की हे कोणाला पाठवू नकोस, रात्री पुन्हा म्हणते.